चौऱ्याण्णव टक्के बचत

गोडोली, सातारा
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

फोन करणार नाही. डॉक्टरांनी तुमचं बोलणं बंद केलंय, आणि तुम्ही पडला शर्यतीचे समालोचक, साधं ‘हॅलो’ पण मैदानात बैलजोडी पुकारल्यासारखं म्हणता. मेसेज टाकला तर चष्मा सापडत नाही म्हणून वाचत नाही. म्हणून कागद. शिराळा गाडीचा कृष्णात कंडक्टर आणून देईल. उत्तर पण त्याच्याच हातानं पाठवा.

आता नीट वाचा. १७ मार्चला मिरजेत तुमचं ऑपरेशन. घशातली आवाजाची पेटीच काढणार, त्यामुळं नंतर आवाज येणार नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला आणि मामीला समोर बसवून सांगितलंय. मी इकडं पुण्याची काही पोरं शोधलीयत. ती माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग घेतात आणि कॉम्प्युटरवर तसाच आवाज बनवतात. मग तुम्ही मोबाईलवर लिहायचं आणि मोबाईल तुमच्या आवाजात बोलणार. फुकट करतायत. फक्त आवाज आत्ता पाहिजे, १७ तारखेच्या आधी.

सोबत तीनशे वाक्यांचा कागद आहे. ती वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायची. फाईल मोठी होणार, तीनशे एमबी वगैरे. पुण्याच्या फॉर्मला वीस एमबीच्या वरची फाईल चालत नाही, आणि तुमच्या मळ्यातल्या नेटवर एवढी मोठी चढणार पण नाही. म्हणून ती लहान करायची. वेबसाईटचं नाव वाक्यांच्या कागदामागं मोठ्या अक्षरात लिहिलंय. तिथं फाईल टाकायची. एक पट्टी दिसेल, तिच्यावर गोल टिकली. टिकली डावीकडं नेली की फाईल लहान, उजवीकडं नेली की आवाज चांगला. मधोमध ठेवा. बटण दाबा. लहान झालेली फाईल उतरवून घ्या आणि मला पाठवा. एवढंच.

डॉक्टर म्हणालेत की रेकॉर्डिंगपुरतं बोललं तर चालेल. बाकी घोटभर पण आवाज वाया घालवू नका.

समीक्षा


शिराळा
७ फेब्रुवारी

समे,

तुजा कागद चार डाव वाचला. मामी म्हणतीया, आता तोंडपाठ म्हणून दाखवा. म्हणायचं कसं? बोलायला बंदी.

काम झालं बग! तीनशेच्या तीनशे वाक्यं, तीन फायलीत. दीड तास बोल्लो. हलगर्जीपणा केला न्हाई. मैदानातला माईक आन् मशीन घरात आणलं, आवाज घुमवायला येको लावला. आवाज ठेवायचा तर भारीतला ठेवायचा, न्हाई व्हय? ‘आज बाजारात वांगी स्वस्त आहेत’ आसं एक वाक्य हाय. ते म्हणल्यावर पलीकडच्या वस्तीवरनं दोगं ईचारत आले, कुटं रं स्वस्त?

मग त्या वेबसाईटवर गेलो. पयल्यांदा मला काय कळंना. एकेका फायलीचं तीनशे एमबीचं आठरा झालं तर बाकीचं गेलं कुटं? वाक्यं सगळी हायत का, म्हणून बशून मोजली. सगळी हायत! एक बी कमी न्हाई. मग डोक्यात आलं. ह्यो कारखान्याचा घाणा हाय. चोथा भाईर, रस आत. खाली हिरव्या रंगात लिवून आलं, ‘चौऱ्याण्णव टक्के बचत’. समे, आपल्याला साळंत बी कवा चौऱ्याण्णव टक्के पडलं न्हाईत.

आता कारखान्यात ऊस एकदा पिळून सोडत्यात काय? एका घाण्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या. म्हणून आठराची फाईल परत घातली. चारची झाली. चारची परत घातली. एकची झाली! टिकली पार डावीकडं टेकीवली. तुला वीस लागत हुतं, मी एकात बशीवलं. निखळ रस हाय.

तिनी फायली आशाच पिळून पाठीवल्यात. आता पुण्याच्या पोरास्नी सांग, लवकर बोलतं करा.

धोंडिराम मामा


सातारा
९ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा,

फायली ऐकल्या. पहिल्यांदा वाटलं माझा मोबाईल बिघडला. मग हेडफोन लावला. मग मैत्रिणीचा मोबाईल घेतला. तुमचा आवाज पत्र्याच्या पिंपात बसून, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा येतोय. ‘स’ कुठला आणि ‘श’ कुठला कळत नाही. पुण्याच्या पोराला ऐकवलं, तो म्हणाला, हे काय आहे?

चोथा नव्हता तो. ऐका. ते मशीन कानाला फारसं जाणवत नाही ते आधी फेकतं. एकदा दाबलं तर चालतं. दुसऱ्यांदा दाबलं की त्याला फेकायला चोथा मिळतच नाही, मग ते आवाजच फेकायला लागतं. तिसऱ्या वेळी काय उरलं ते मी ऐकलं. तुमची ती एकदाच दाबलेली अठरा एमबीची फाईल आहे ना, ती चालली असती. ती वीसच्या आत होती! तिथंच थांबायचं होतं.

येको पुण्याच्या पोरांना थोडाफार काढता येतो म्हणे. दाबून गेलेला आवाज परत आणता येत नाही.

आता काही करू नका. वेबसाईट उघडू नका. मोबाईलमधलं मेमरी कार्ड काढा, पाकिटात घाला, कृष्णातकडं द्या. मूळ फायली मी इथं उतरवते.

आणि अजून एक. तीनशेही वाक्यं तुम्ही मैदानात म्हणल्यासारखी म्हणलीयत. ‘मला पाणी हवं आहे’ याला शेवटी झेंडा पडल्यासारखी आरोळी आहे. तुम्हाला पुढं आयुष्यभर असंच पाणी मागायचंय का? घरात बोलता तसं बोला. मामीशी बोलता तसं.

समीक्षा


शिराळा
१३ फेब्रुवारी

समे,

कार्ड पाठीवतूय. पर त्यात त्या फायली न्हाईत. शिव्या घाल.

मोबाईल भरला हुता. रोज सांगायचा, जागा न्हाई, जागा न्हाई. मी म्हणलं, रस काढून झाला, आता ऊस कशाला ठेवायचा. तीनशेवाल्या, आठरावाल्या, चारवाल्या, सगळ्या पुसल्या. वर लोकांनी धाडलेलं शर्यतीचं व्हिडिओ चढलं. शिराळ्यात दुकानात दाकीवलं. त्यो म्हणाला, वरनं नवीन बसलं का जुनं येत न्हाई.

म्हंजी दीड तास आवाज मी हातानं पुसला.

बरं. दुसरं. तू म्हणतीस, मामीशी बोलता तसं बोला. त्यो कागद हातात घिऊन बसलो आन् मला काय सुदरंना. मी घरात कसा बोलतो? आठवंना! हिला लिवून ईचारलं, तर ही म्हणाली, “तुमी घरात बोलता कवा? घसा राखून ठेवायचा म्हणून पंचवीस वरीस मानंनंच हुंकार दिलाय. व्हय म्हणायचं असलं तर खाली, न्हाई म्हणायचं असलं तर आडवं.”

खरं हाय ते. दर आयतवारी मैदान, मग सोमवार मंगळवार घसा बसल्याला, मग बुदवारपसनं पुडच्या मैदानासाटी राखायचा. बोलायला वार शिल्लक ऱ्हात न्हाई.

तरी बसलो. ही समोर बसली, म्हणाली, मला सांगा ती वाक्यं. पयली धा तर माजी मलाच परकी वाटली, जणू दुसराच कोणतरी माज्या तोंडानं बोलतोय. मग जरा बसत गेलं. ‘दार लावून घे’ म्हणलं तर ही उटून दार लावून आली. म्हणलं, आगं वाक्य हाय. म्हणाली, “म्हणून काय झालं.”

एक्केचाळीस झाली आन् घसा धरला. उद्या पुडची. ह्या फायलीला एकदाच घाण्यात घातलंय, टिकली मधी. पाठीवली.

मामा


सातारा
१७ फेब्रुवारी

मामा,

मिळाली. अकरा मिनिटं. हीच पाहिजे! मी तीनदा ऐकली. पुण्याचा पोरगा म्हणाला, आता जमतंय. मला तर वाटलं, तुम्ही कधी असं बोलताना मी ऐकलंच नव्हतं.

पण एक्केचाळीस पुरत नाहीत. निदान दोनशे तरी पाहिजेत. रोज वीस-वीस केली तरी १७ मार्चच्या आत होतील. घाई नाही, पण आळस पण नको. फाईल झाली की एकदाच लहान करायची, एकदाच.

२३ तारखेला रविवारी मी येते. आपण दोघं बसून सत्तर-ऐंशी वाक्यं उडवू. मामीला सांगा, काही करत बसू नको, भाकरी-पिठलं चालेल.

समीक्षा


२२ फेब्रुवारी

समे, येऊ नको. मामीच्या बहिणीकडं लोणंदला कार्यक्रम हाय, आमी दोगं चाल्लूय. नंतर कळीवतो. फोन लावू नको, घरी राहील.

मामा


सातारा
२८ फेब्रुवारी

मामा,

सहा दिवस झाले. लोणंदहून आलात का? फोन बंद लागतोय. कृष्णातला विचारलं तर तो तिकिटं फाडत म्हणाला, “मला काय म्हाईत नाही ताई, मी गाडीतला माणूस.” एवढं बोलताना पत्र पोचवायच्या पैशातले त्यानं मला पाच रुपये जास्त परत दिले. तो एवढा कधी गोंधळत नाही.

तुमची ती चार ओळींची चिठ्ठी पेन्सिलनं लिहिलेली होती आणि अक्षर नुसतं उड्या मारत होतं. तुमचं अक्षर तर छापल्यासारखं असतं. घाईत होता का?

पुढची वाक्यं किती झाली ते कळवा. फाईल लहान करायला जमत नसेल तर तशीच कार्डावर ठेवा, मी बघते.

समीक्षा


शिराळा
४ मार्च

समे,

लोणंदहून आलो. कार्यक्रम चांगला झाला. जेवाण चांगलं हुतं.

वाक्यांचं म्हणशील तर ती वेबसाईट आता उगडत न्हाई. गोल गोल फिरती. आदी वाटलं नेट, मग वाटलं मोबाईल. मग मोबाईल हौदात पडला. वाळीवला, पर त्यात आता रेकॉर्ड व्हत न्हाई. दुसऱ्याचा मागावा तर लोकांच्या मोबाईलमधी आपला आवाज कशाला ठेवा. तवा हितंच थांबू. एक्केचाळीस हायत तेवड्यात काय व्हतंय का बग. त्या पोराला ईचार, माणूस आसा दिवसातनं बोलतो तरी किती? चा, पाणी, व्हय, न्हाई, आला, गेला. एक्केचाळीसात बसतंय की सगळं.

एक ईचारायचं हुतं. मला रोज त्येच मनात येतंय. ते मशीन फाईल लहान करतं. त्याच्या उलटं मशीन आसतं का गं? म्हंजी एकदा गेल्यालं भरून आणणारं. एकची फाईल घातली आन् टिकली पार उजवीकडं नेली तर तीनशे व्हईल का? मी एकडाव करून बगितलं. आकडा वाडला. पर ऐकलं तर तसंच, पिंपातलं. आकडा वाडला तर आवाज का वाडंना, हे मला कळंना. कोण सांगणारा बी न्हाई.

आन् समजा एखाद्याला मागं जाता आलं, त्या दिवशी, आठरावाल्या फायलीवर, आन् तितंच हात आवरला आसता. नुसतं ईचारतूय.

शेजारच्या जयराजच्या खोंडानं नवीन दावं तोडलं. ऊस तोडायला टोळी आलीया. हवा बरी हाय. तू येण्याची गडबड करू नको, हितं लय धूळ हाय.

मामा


सातारा
६ मार्च

मामा,

वेबसाईट मी इथं उघडून बघितली. लगेच उघडते.

मोबाईल हौदात पडला, मग उलटं मशीन करून बघितलं ते कशावर? मला एवढी खुळी समजू नका. तुम्हाला वाक्यं वाचायचा कंटाळा आलाय, एवढंच सरळ लिहायचं. अकरा दिवस राहिलेत मामा! मी त्या पुण्याच्या पोरांच्या मागं रोज लागते, ऑफिसात बोलणी खाते, आणि तुम्ही मला जयराजचं खोंड सांगताय.

आणि नाही, उलटं मशीन नसतं. गेलं ते गेलं. आकडा वाढतो, आवाज वाढत नाही, कारण मशीनला माहितीच नसतं आपण काय फेकलं.

मूळ फायली पुसायची चूक झाली ती झाली, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. पण आता जे करताय ती चूक नाही, आळस आहे. मैदानात आठ-आठ तास बोलायला घसा होता. स्वतःसाठी रोज वीस वाक्यं बोलायला नाही?

समीक्षा


शिराळा
९ मार्च

चि. समीक्षास मामीचा आशीर्वाद.

माझं अक्षर समजून घे. सातवीनंतर लिहिलं नाही. ह्यांनी लिहू नको म्हणून हात जोडले, पण तुझं पत्र वाचून हे जेवले नाहीत, म्हणून लिहिते. त्यांना माहीत नाही.

लोणंदला कुणी गेलं नव्हतं. २१ तारखेला ह्यांचा श्वास अडकायला लागला. २२ला सकाळी जयराजच्या गाडीतनं मिरजेला नेलं. गाडीत बसून तुला ती चिठ्ठी लिहिली, माझ्या पाठीवर कागद धरून. म्हणाले, उद्या पोरगी येईल, दाराला कुलूप बघून घाबरेल. ते त्यांचं शेवटचं बोलणं. मी म्हणाले, आता तरी गप बसा. तसे गप बसले.

२३ला डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. थांबता येत नाही म्हणाले. आता गळ्याला भोक आहे, तिथनं श्वास घेतात. दुखणं कमी आहे. गाठ सगळी निघाली म्हणतात. माणूस वाचला बघ.

चिठ्ठी देतानाच कृष्णातला ह्यांनी लिहून शपथ घातली होती. मोबाईल हौदात पडला नाही, ह्यांनीच बंद करून कपाटात ठेवलाय. रात्री काढतात, ती बिघडलेली फाईल कानाला लावतात, परत ठेवतात.

तुला का सांगितलं नाही विचारशील. मी पण विचारलं. पाटीवर लिहिलं, ‘पोरीनं आवाज मागितला, मी तीन डाव पिळून टाकला. आता काय तोंडानं सांगू.’ मग स्वतःच वाचलं आणि हसले. हसायचा पण आवाज येत नाही आता. मला कळलं नाही हसतात का रडतात.

तू त्यांना आळशी म्हणलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नको. तुला कुठं माहीत होतं. ये तेव्हा ओरडू नको एवढंच.

शालूमामी


सातारा
२४ मार्च

मामा,

आठ दिवस तुमच्याकडं राहून आले, तरी त्या शब्दाबद्दल समोर बसून माफी मागता आली नाही. तुम्ही पाटी पुढं केली की मी दुसरंच काहीतरी बोलायचे. म्हणून इथून लिहिते. ‘आळस’ लिहिलं होतं ते खोडलं असं समजा. बास, यावर पाटीवर काही लिहू नका, कृष्णातजवळ पण काही सांगू नका.

आता कामाचं. एक्केचाळीस वाक्यं आहेत. ती पुरत नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं. म्हणून मी बैलगाडावाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, धोंडिराम समालोचकांचा आवाज कुणाकडं असेल तर पाठवा. मामा, दोन दिवसांत तीनशे चाळीस क्लिपा आल्या! विट्यापासून, मलकापूरपासून, कुठून कुठून. लोकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या. बऱ्याचशा एकानं दुसऱ्याला पाठवून पाठवून दाबल्या गेलेल्या आहेत, पण पन्नासेक चांगल्या निघाल्या.

पुण्याच्या पोरानं दोन आवाज बनवलेत. एक नंबर, फक्त तुमच्या एक्केचाळीस वाक्यांचा. हळू बोलतो, घरातलं बोलतो, पण बारीक आहे, मध्येच तुटतो, लांब वाक्य असलं की दम लागल्यासारखा होतो. दोन नंबर, मैदानातला. भरदार, एकदम तुमचा, कुठं तुटत नाही. पण त्याला हळू बोलता येत नाही. काहीही लिहा, तो आरोळीच देतो. त्यांनी दोन्ही मिसळून पण बघितले, तेव्हा दारू पिऊन भाषण करणाऱ्या माणसासारखं झालं.

तर एकच निवडायचा. त्याच्यावरच ते पुढं काम करणार, दोन्हींवर करायला त्यांना वेळ नाही. मला विचाराल तर डोकं चालत नाही माझं. कधी वाटतं एक, कधी वाटतं दोन. मला वाटतं तुम्हाला एक नंबर आवडेल, तेवढा एकच घरात बोललेला आहे. पण आता माझं वाटणं मी बाजूला ठेवलंय.

माझा जुना मोबाईल कृष्णातबरोबर देतेय, त्यात दोन्ही घातलेत. वर आकडा निवडायचा, खाली लिहायचं, हिरवं बटण दाबायचं. आणि ह्यात लहान-मोठं करायची पट्टी कुठंही नाही. शोधू नका.

समीक्षा


शिराळा
२९ मार्च

समे,

मोबाईल पोचला. दोन्ही ऐकलं. त्या पोराला आदी कळीव मग बाकीचं वाच: दोन नंबर.

कसं झालं ते सांगतो, कारण माजं मलाच आजून नीट कळलं न्हाई.

तू म्हणलीस तसंच माज्या मनात एक नंबर हुता. सकाळी चुलीपशी बसलो, एक नंबर लावला, लिवलं, ‘चहा टाक’. बारीक आवाजात बोल्ला, ‘चहा टा... क’. मला बरं वाटलं. आपण बोल्लो आसं वाटलं. हिनं ऐकलं, चा टाकला. मी पाटीवर लिवलं, ‘ह्यो ठेवूया?’ ही म्हणाली, “दुसरा लावा की.”

दुसरा लावला. त्येच लिवलं. समे, काय सांगू! ‘चहाऽऽ टाऽऽक!’ कोंबड्या उडाल्या. जयराजचं खोंड दावं वडून हुबं ऱ्हायलं. मला लाज वाटली. बंद करून ठिवला. म्हणलं, ह्यो काय घरात चालायचा न्हाई. रोज चा मागायला मैदान भरवायचं व्हय?

तर ही म्हणाली, “परत लावा.”

मी मान आडवी हालीवली.

म्हणाली, “मैदानाला बायका येत न्हाईत, तवा पंचवीस वरसात मी एकदा बी समोर बसून तुमास्नी ऐकलं न्हाई. वड्याच्या पल्याड मैदान भरलं का धुणं धुताना वाऱ्यावर यायचं. कुणाची जोडी, कुणाचा बैल, गाडीवानाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. अख्ख्या तालुक्याच्या बैलांची नावं घेतली तुमी. आन् मला कवा नावानं हाक मारली? आगं ए. ऐकलंस का. पोरं झाल्यावर पोरांची आई.”

मी पाटी घेतली. आमच्यात कोण बायकूचं नाव घेतं? माज्या बानं घेतलं न्हाई, त्याच्या बानं घेतलं न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवडंच, ते बी लोकांनी अडवलं म्हणून. हे मी सगळं पाटीवर लिवत बसलो तर हिनं पाटी काडून घेतली आन् मोबाईल हातात दिला. म्हणाली, “तुमी कुटं घेताय? मशीन घेतंय.”

आन् उटून आत गेली. मागच्या परड्याच्या दाराकडं तोंड करून हुबी ऱ्हायली, जणू हिचा काय संबंध न्हाई.

मैदानात पाच हजार माणसापुडं बिनघोर बोल्लो, हितं एका नावाला आडलो. दोन नंबर निवडला. लिवलं, ‘शालूबाई’. बगितलं. बाई खोडलं. नुसतं ‘शालू’ ठेवलं. हिरवं बटण दाबलं.

‘शाऽऽऽलूऽऽऽ!’

पार वड्यापतूर गेला. पलीकडच्या वस्तीवरनं कोणतरी वरडलं, “आवं, मैदान हाय काय आज?”

आन् ही आतनं म्हणाली, “ओ.”

मामा